चौकशीला बोलावलं, रात्रभर बसवून ठेवलं, कागद एकही नाही: आता दाद कुठे मागायची?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला एक तरुण बेदाण्याची वाहतूक करणाऱ्या टेम्पोवर चालक आहे. कोल्ड स्टोरेजमधून निघालेल्या मालात काही बॉक्स कमी भरले म्हणून त्याला संध्याकाळी ठाण्यात बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. मधल्या वेळात तळपायावर पट्ट्याने मारलं. नोटीस नाही, अटक नाही, कुठे सही नाही. थोरल्या भावाने पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला. तो अर्ज फिरून त्याच ठाण्यात आला आणि आता तिथला हवालदार म्हणतो, ‘तक्रार नाही असा जबाब द्या, विषय संपवून टाकू.’ भाऊ विचारतो, पुढे जाण्यात अर्थ आहे का आणि जायचं तर कुठे?

मी खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत गेली. त्यातली शेवटची वर्षं माझ्याच खात्यातल्या माणसांच्या प्राथमिक आणि विभागीय चौकश्या करण्यात गेली. त्यामुळे तक्रारदार कुठे अडकतो आणि चौकशी कुठे ढिली पडते, या दोन्ही गोष्टी मी टेबलाच्या पलीकडून पाहिल्या आहेत. अर्थ आहे. फक्त उशीर करू नका, आणि तो जबाब देऊ नका.

आधी जबाबाचं सांगतो. ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या एका ओळीवर अर्ज कायमचा फाइलबंद होतो. वर अहवाल जातो की अर्जदाराने स्वखुशीने तक्रार मागे घेतली, सबब अर्ज निकाली काढावा. उद्या तुम्ही न्यायालयात किंवा पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे गेलात तर समोरचा वकील सगळ्यात आधी हाच कागद काढतो. जबाब द्यायला बोलावलं तर जा, पण स्वतः लिहून नेलेला जबाब द्या, त्याची प्रत ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच जबाब रजिस्टर पोस्टाने अधीक्षक कार्यालयाला पाठवा.

अर्ज त्याच ठाण्यात का आला, यामागे दरवेळी कुणाचा डाव असतो असं नाही. अधीक्षक कार्यालयात रोज अर्जांचा ढीग येतो. आवक शिक्का बसतो, अर्ज शाखा विषय पाहते, उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवते, तिथून तो हद्दीच्या ठाण्यात उतरतो आणि शेवटी बीट अंमलदाराच्या हातात पडतो. बांधाच्या भांडणाचा अर्ज आणि पोलिसांनी मारल्याचा अर्ज एकाच वाटेने खाली जातात. ती वाट अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच अडवावी लागते. ‘तक्रार अमुक ठाण्यातील अधिकारी व अंमलदारांविरुद्ध असल्याने चौकशी त्या ठाण्याकडे व त्या उपविभागाकडे न देता अन्य उपविभागाच्या पोलीस उपअधीक्षकांकडून व्हावी’ हे वाक्य ठळक लिहा. नवा अर्ज करा, जुन्या अर्जाचा आवक क्रमांक द्या आणि एक प्रत कोल्हापूरला विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या कार्यालयाला पाठवा. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्रात येतात. परिक्षेत्र कार्यालयाने ‘काय कारवाई केली, कळवा’ असं विचारलं की जिल्ह्यातला कागद हलतो, हा माझा अनुभव आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या भावाला ठाण्यात नेमकं कोणत्या नात्याने ठेवलं होतं? हा प्रश्न प्रत्येक अर्जात, प्रत्येक पत्रात आणि प्रत्येक जबाबात विचारा. कायद्याला ठाण्यात आलेल्या माणसाची मोजकीच रूपं माहीत आहेत. तो साक्षीदार असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश देऊन बोलवावं लागतं. त्याच्यावर संशय आहे पण अटकेची गरज नाही, तर कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. आणि अटक केली असेल, तर कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, कलम ४७ प्रमाणे अटकेची कारणं, कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला खबर, कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी आणि कलम ५८ प्रमाणे २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं, हे सगळं ओळीने यायला हवं. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं.

‘चौकशीला बसवून ठेवलंय’ हा प्रकार या यादीत कुठेच बसत नाही. ठाण्याबाहेर पडायची मोकळीक नसेल तर तो माणूस अटकेत आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो वा नसो. २४ तासही त्याला अडवलं त्या क्षणापासून मोजायचे असतात, स्टेशन डायरीत अटक दाखवली त्या वेळेपासून नव्हे. भाऊ २४ तासांच्या आत सुटला म्हणून सगळं नियमात झालं, असं तुम्हाला कुणी सांगेल. तसं होत नाही. नोंद न करता अडवून ठेवणं पहिल्या तासापासूनच बेकायदा आहे.

हा चोरवाटेचा प्रकार चालतो कशामुळे, ते सांगायला हवं. अधीक्षक कार्यालयात दर महिन्याला क्राइम मीटिंग होते. तिथे प्रत्येक प्रभारी अधिकाऱ्याला विचारतात की किती गुन्हे दाखल, किती उघड, मुद्देमाल किती हस्तगत. मारहाण करून कबुली घेतली का, हे तिथे कुणी विचारत नाही. खाली डीबी पथकावर, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकावर, ताण येतो, आणि ज्याच्या मागे कुणी नाही असा चालक, हमाल, ऊसतोड मजूर, पारधी वस्तीवरचा पोरगा त्या पथकाला सापडतो. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हेच होतं आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच आहे. उपयोगी पडतो तो फक्त त्या माहितीवरून सापडलेला माल. म्हणून मालासाठी मारतात. मी कित्येक तरुण उपनिरीक्षकांना सांगत आलो की पट्ट्याने निघालेला माल खटल्यात टिकत नाही, पंच फुटतात, आरोपी सुटतो आणि खरा चोर बाहेरच राहतो. बेदाण्याच्या प्रकरणात कोल्ड स्टोरेजची आवक-जावक नोंदवही, वजनकाट्याच्या पावत्या आणि टेम्पोच्या मार्गावरचे कॅमेरे तपासले असते तर दोन दिवसांत कळलं असतं की बॉक्स भरतानाच कमी होते की वाटेत गेले. तो तपास झाला पाहिजे, हेही तुमच्या अर्जात लिहा. मालकाचं नुकसान झालंय, त्याचीही तक्रार खरी असू शकते.

सांगलीत नोंदीचं महत्त्व खरं तर नव्याने सांगावं लागू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. आरोपी पळून गेला असं आधी दाखवण्यात आलं. नंतर त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं समोर आलं, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि ठाण्यातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना अटक झाली. घरच्यांनी ‘पळून गेला’ ही गोष्ट मान्य केली नाही म्हणून ते उघड झालं. त्याच वर्षी स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेतल्या माणसांवर वारणानगरच्या रोकड प्रकरणात गुन्हा दाखल झाला. छाप्यात मिळालेल्या रकमेतले कोट्यवधी रुपये कागदावर आलेच नाहीत, असा तो आरोप होता. या दोन प्रकरणांनी जिल्ह्यातल्या प्रामाणिक हवालदाराला रस्त्यात मान खाली घालून चालायला लावलं. मला त्याचा आजही राग येतो. आता संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलंय, ते अशाच अंधारावर उपाय म्हणून.

पुरावा गोळा करायला तुमच्याकडे फार दिवस नाहीत. सगळ्यात आधी सीसीटीव्ही. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात फाटक, येण्या-जाण्याचे सगळे मार्ग, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा ठिकाणी ध्वनीसह कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला कॅमेऱ्यांच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घ्यावी लागली. चित्रण पुसलं जाणं, चित्रण साठवणारं यंत्र (डीव्हीआर) नादुरुस्त असणं ही उत्तरं तुम्हालाही मिळतील. म्हणून माहिती अधिकाराच्या आधी एक साधं पत्र द्या, चित्रण जतन करण्याचं. ठाणे प्रभारी, अधीक्षक आणि जिल्हाधिकारी या तिघांना. जिल्हाधिकारी यासाठी की कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीत त्या निकालाने त्यांना बसवलं आहे.

पत्रात ‘सर्व कॅमेऱ्यांचे सर्व चित्रण’ मागू नका. मोघम मागणीला मोघम नकार मिळतो. फाटकाचा कॅमेरा, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचा कॅमेरा आणि व्हरांडा, एवढंच मागा. तारीख लिहा, अमुक तारखेच्या संध्याकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंत असा काळ लिहा. मारहाण ज्या खोलीत झाली तिथे कॅमेरा नसणार, हे गृहीत धरा. तुम्हाला तो क्षण दाखवायचा नाही. भाऊ फाटकातून धड पायांनी आत गेला, रात्रभर बाहेर आला नाही आणि दुसऱ्या दिवशी लंगडत बाहेर पडला, एवढं दिसलं की उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर येते. पत्र पोचल्यावरही चित्रण पुसलं गेलं तर तेही तुमच्या बाजूने बोलतं.

त्यानंतर माहितीचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन वेगळे अर्ज करा, एक चित्रणासाठी आणि एक स्टेशन डायरीच्या त्या दोन दिवसांच्या उताऱ्यासाठी. केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची तपासाची रोजची नोंद, मागू नका, ती मिळत नाही. स्टेशन डायरी वेगळी. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कोणतं पथक कुठे निघालं, याची ती वेळेनुसार नोंद असते आणि आता ती संगणकावर असल्याने मागच्या वेळेची नोंद नंतर घुसवणं सोपं राहिलेलं नाही. तिथे तुमच्या भावाचं नाव नसेल तर नोंदीविना ठेवलं हे सिद्ध होतं. नाव असेल तर कोणत्या कलमाखाली, हा प्रश्न उभा राहतो.

बाकीचं तुमच्याच हातात आहे. त्या रात्री घरून डबा कुणी नेला? तो माणूस साक्षीदार आहे. ठाण्यासमोरच्या टपरीवर कोण थांबलं होतं, सोडताना कुणाला बोलावलं, गावच्या पोलीस पाटलांना फोन केला होता का, भावाच्या फोनचं शेवटचं लोकेशन आणि तो बंद झाल्याची वेळ, सोडल्यावर कोणत्या रिक्षाने आणलं, हे सगळं आजच वहीत उतरवा. महिनाभराने लोकांना वार आठवत नाही, आणि तोपर्यंत कुणीतरी त्यांना भेटून गेलेलं असतं.

दवाखान्याचं काय केलंत, ते प्रश्नात नाही. खाजगी डॉक्टरकडे मलमपट्टी केली असेल तर ती चिठ्ठी जपा, पण त्यावर थांबू नका. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयाला जा आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद करून घ्या. तळपायाचा मार वरून लवकर दिसेनासा होतो, मात्र दुखणं आणि सूज आठवडाभर राहते. डॉक्टरांना सांगा की इतिहासाच्या रकान्यात रुग्णाने सांगितलेलं जसंच्या तसं लिहा, ‘पोलीस ठाण्यात मारहाण’ असं. बऱ्याचदा तिथे ‘पडल्याने इजा’ लिहिलं जातं आणि प्रकरण तिथेच लंगडं होतं. डॉक्टरांवरही ताण असतो. साताऱ्यात फलटणच्या एका तरुण डॉक्टरच्या ऑक्टोबर २०२५ मधल्या मृत्यूनंतर, आरोपींच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यांसाठी पोलिसांकडून दबाव येतो अशी तिने आधी केलेली लेखी तक्रार सगळ्या महाराष्ट्राने वाचली. तेव्हा डॉक्टरशी भांडू नका. शांतपणे सांगा आणि केसपेपरची प्रत मागून घ्या.

आता दाद कुठे. अधीक्षकांकडचा अर्ज ही पहिली पायरी आहेच. गुन्हा दाखल व्हावा असा तुमचा आग्रह असेल, आणि माझ्या मते असायला हवा, तर अर्जात स्पष्ट लिहा की हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतः नोंदवून तपास करायचा गुन्हा. कबुलीसाठी किंवा माल काढण्यासाठी इजा करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये येतं, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. बेकायदा अडवून ठेवणं कलम १२७ मध्ये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून पक्कं आहे. ठाणं नोंदवत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी, तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आरोप सरकारी नोकरावर असल्याने न्यायदंडाधिकारी त्याच संहितेच्या कलम १७५(४) प्रमाणे आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या पोलिसाचं म्हणणं मागवू शकतात. त्यात वेळ जातो. म्हणूनच सीसीटीव्हीचं पत्र आणि एमएलसी आधीच हातात असली पाहिजे.

एक तारीख मात्र घरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा, घटनेपासून ६ महिने. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाविरुद्ध खटला भरायला ही मुदत आहे. त्यानंतर २ वर्षांपर्यंत जायचं तर राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. कोठडीत मारणं हे कर्तव्य होऊच शकत नाही, त्यामुळे हे कलम लागू नाही, असा युक्तिवाद तुमचा वकील करेल आणि तो बरोबर आहे. पण तो वाद अंगावर ओढवून कशाला घ्यायचा? मुदतीत गेलात तर तो प्रश्नच उरत नाही. मी चांगल्या-चांगल्या तक्रारी ‘बघू, साहेबांनी शब्द दिलाय’ म्हणत ७ व्या महिन्यात आलेल्या पाहिल्या आहेत.

दुसरी वाट पोलीस तक्रार प्राधिकरणाची. पुष्कळांना ते अस्तित्वात आहे हेच माहीत नाही. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रत्येक राज्याला राज्य आणि जिल्हा पातळीवर अशी प्राधिकरणं नेमायला सांगितलं. आपल्या राज्याने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभागाला एक अशी रचना ठेवली. त्यामुळे सांगलीतल्या जतच्या किंवा साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या माणसाला पुण्याला जावं लागतं. न्यायालयाने जिल्हा म्हटलं होतं त्यामागे कारण होतं, आणि ते डावललं गेलं असं माझं स्पष्ट मत आहे. जत-आटपाडीचा रोजंदारीवरचा माणूस एका तारखेसाठी पुण्याला जाऊन येतो तेव्हा त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. तरीही तिथे जा. तुमच्या प्रकरणात निरीक्षक आणि त्याखालचे लोक आहेत, म्हणजे विषय विभागीय प्राधिकरणाचा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, कार्यपद्धती न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, लाच, खंडणी, जमीन बळकावणं हे विषय तिथे चालतात. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असतात, दोन्ही बाजूंना नोटिसा जातात, ठाण्याला आपली कागदपत्रं तिथे हजर करावी लागतात. शेवटी निघते ती शिफारस, थेट शिक्षा नव्हे. पण त्या सुनावणीत ठाण्याने शपथेवर दिलेलं उत्तर पुढे सगळीकडे कामी येतं.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात तक्रार करता येते, भरपाईची शिफारस तिथे होऊ शकते. सोडण्यासाठी कुणी पैसे घेतले किंवा मागितले असतील तर तो विषय लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, १०६४ वर फोन करा. पैसे दबावाखाली दिले असतील तर ७ दिवसांच्या आत कळवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याला संरक्षण मिळण्यासाठी ती अट आहे. आणि यापैकी कशानेच काम झालं नाही, किंवा तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्यायचा असेल, तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली-सातारा त्याच्या कक्षेत आहेत. पूर्वी मुंबईच्या खेपा परवडत नाहीत म्हणून लोक सोडून द्यायचे, ती अडचण बरीच कमी झाली. वकील परवडत नसेल तर विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वरही चौकशी करता येते. तुमचं कुटुंब अनुसूचित जाती किंवा जमातीतलं असेल तर वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा, कारण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही लागू होतं आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

आपल्या भागात आणखी एक वाट लोक सगळ्यात आधी धरतात, ती म्हणजे नेत्याला फोन. त्याला मी नावं ठेवणार नाही, मध्यरात्री घरचा माणूस आत असताना जो दरवाजा उघडेल तो माणूस ठोठावतोच. पण फोनवर माणूस सुटतो तेव्हा नोंदही त्याच फोनवर सुटते. ना त्याला आणल्याची, ना सोडल्याची. साहेबांचे उपकार, नेत्याचे उपकार, आणि पुढच्या वेळी तोच पोरगा पुन्हा उचलायला सोपा. अशा वेळी फोन करायचाच तर ११२ वर करा. त्या फोनची वेळ नोंदली जाते.

विभागीय चौकशीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. निलंबन ही शिक्षा नव्हे. शिक्षा विभागीय चौकशी पूर्ण झाल्यावर होते, सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी अशा चढत्या क्रमाने. तिथे फौजदारी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचा तोल कुठे झुकतो ते पाहतात. म्हणजे तक्रारदाराला तिथे यश मिळण्याची शक्यता जास्त असते. तरीही बऱ्याच चौकश्या कोसळतात, कारण तक्रारदार साक्षीला येत नाही. मधल्या काळात भावकीतलं कुणीतरी मध्यस्थी करतं, कुणाची सोयरीक निघते, कुणाच्या पोराचं चारित्र्य पडताळणीचं काम त्याच ठाण्यात अडकलेलं असतं. चौकशी अधिकारी रिकाम्या खुर्चीसमोर बसतो आणि ‘आरोप सिद्ध होत नाही’ लिहितो. मी ते लिहिलं आहे, दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. समजपत्र, म्हणजे साक्षीला बोलावणारा कागद, आलं की जा. रजा घ्या, रोज बुडवा, पण जा.

चौकशीचा निकाल माहिती अधिकारात मागताना ‘शिक्षेच्या आदेशाची प्रत’ असं लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा आधार घेऊन ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर केलेली कारवाई व चौकशी अहवाल’ असं मागा.

याच नोंदींनी निर्दोष पोलीसही वाचतो, हे खात्यातल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी लिहितो, कारण तेही हे वाचतील. एका हवालदारावर मारहाणीचा आरोप होता, चार साक्षीदार त्याचं नाव घेत होते. त्या संध्याकाळी तो यात्रेच्या बंदोबस्तावर होता, निघाल्याची आणि परतल्याची डायरीत वेळेवर नोंद होती आणि फाटकाच्या कॅमेऱ्याशी ती जुळली. अर्ध्या दिवसात तो मोकळा झाला. गणपती, निवडणूक, आंदोलन, रात्रगस्त यांत पिचलेल्या, सुट्टी न मिळालेल्या शिपायाची दमणूक मला माहीत आहे, मी ती जगलो आहे. तरीही बांधलेल्या माणसावर हात टाकायला ते कारण होऊ शकत नाही. आणि वरिष्ठाने तोंडी सांगितलं म्हणून केलं, हा बचाव चौकशीत उभा राहत नाही. तोंडी सांगणारा साहेब तिथे ओळखही दाखवत नाही.

राहिली भीती. तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्नात ती दिसते. पुढे गेलो तर बॉक्सच्या चोरीत भावाला गुंतवतील का? प्रयत्न होऊ शकतो. ‘सरकारी कामात अडथळा’ हा न्याय संहितेच्या कलम १३२ चा गुन्हा तर अशा वेळी हाताशीच असतो. म्हणून ठाण्यात एकट्याने जाऊ नका, आवाज चढवू नका, वकील किंवा गावातला जाणता माणूस सोबत ठेवा. तिथलं संभाषण फोनवर टिपलं तर शासकीय गुपिते कायद्यात अडकवू, असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. तक्रार जितकी जास्त ठिकाणी पोचलेली असेल तितकं सूड घेणं अवघड जातं, कारण नंतर दाखल झालेला गुन्हा तारखांमुळे उघडा पडतो. चोरीच्या तपासात बोलावलं तर नोटीस मागा, नोटीस आली की वेळेवर हजर राहा, टाळू नका.

भाऊ स्वतः तक्रार करायला तयार नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका. मार त्याने खाल्लाय, निर्णय त्याचा. चित्रण जतन करण्याचं पत्र आणि डायरीचा माहिती अर्ज तुमच्या नावाने जाऊ शकतो, त्यासाठी त्याची सही लागत नाही. ते दोन कागद उद्याच्या उद्या टपालात टाका आणि त्याला सिव्हिलला घेऊन जा. गुन्हा दाखल करायचा की नाही, हे त्याला पाय टेकून नीट चालता आल्यावर ठरवू दे. फक्त ती ६ महिन्यांची तारीख त्यालाही सांगून ठेवा.